कौसाच्या चेहऱ्यासाठी संग्रामपूरपर्यंत

गावातले लोक विचारतात, आबा, तुम्ही त्या बोर्ड रंगवणाऱ्या पोराला घेऊन सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कशाला गेला होता? एकाला सांगितलं की दुसरा भलतंच ऐकून येतो. पारावर तर एक जण म्हणाला, म्हातारा या वयात दुसरी बायको पाहायला गेला होता. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला येत नाही, ते गुरुजींनी नीट करून द्यावं. मजकुरात मात्र हात घालू नये.

माझी बायको कौसा मागच्या माघात तापाने गेली. गाडी जुंपेपर्यंत संपली होती. पहिले काही महिने डोळे मिटले की ती समोर यायची. मग पोळ्याच्या सुमारास एक दिवस बैल धुऊन विहिरीवर बसलो होतो, तिचं तोंड आठवायला गेलो तर आलं नाही. हात आले, पाठ आली, चुलीपुढचं खोकणं ऐकू आलं. तोंडाच्या जागी नुसता पदर. माणूस गेलं ते गेलं, आता आतलंही जायला लागलं. त्याच दिवशी ठरवलं की वर्षश्राद्धाच्या आत तिचं चित्र भिंतीवर लागलं पाहिजे.

फोटो म्हणाल तर नाही. मोठ्या मुलाच्या लग्नात फोटोवाला आणला होता, पण ती चुलीपाशी होती. एका फोटोत कडेला एक हात आला आहे, ताट धरलेला. बांगड्यांवरून मी सांगतो तो कौसाचा आहे. सून म्हणते तिच्या आईचा. तोच फोटो धोतराच्या घडीत गुंडाळून मार्गशीर्षात मी आमच्या बीबी गावाहून निघालो. मुलाने कुठून तरी ऐकलं होतं की नांदुऱ्याला टुरिंग टॉकीजचे बोर्ड रंगवणारा एक पोरगा आहे, त्याने काढलेली तोंडं आता बोलतील अशी वाटतात.

घाटाखाली

आमच्या जिल्ह्यात माणसं दोन प्रकारची, घाटावरची आणि घाटाखालची. आम्ही घाटावरचे. कौसा घाटाखालची, पूर्णा नदीकाठच्या काळ्या रानातली. आम्ही मला-तुला म्हणतो, ती जन्मभर मले-तुले म्हणत राहिली. माझ्या बहिणी तिची नक्कल करायच्या, ती हसायची आणि पुन्हा मले म्हणायची.

मेहकरच्या स्टँडवर एस.टी. बदलायची होती. मी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो आणि शिदोरी बाकावर ठेवली. परत येऊन पाहतो तर एक शेळी फडकं सोडून भाकरी खात उभी. ठेच्याला तोंड लावलं नव्हतं, तो तसाच शिल्लक. बाजूला बसलेला एक जण म्हणाला, "आबा, ठेचा तेवढा तुमच्यासाठी ठेवला तिनं." सुनेने बांधलेली गाठ सैल होती. कौसाची गाठ मला दातांनी सोडवावी लागायची. त्या दिवशी खामगावला भजी खाल्ली आणि घशाशी आली.

घाट उतरला की जमीन एकदम सपाट होते. आमच्याकडे मुरूम, टेकाडं, इथे मात्र नजर जाईल तिथवर काळी माती आणि फुटलेला कापूस. नांदुऱ्यात शिरताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, सरकी काढायच्या जिनातला कापूस हवेत उडत होता, लोकांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. मला वाटलं या गावात सगळेच म्हातारे.

नांदुरा

टॉकीज म्हणजे एक मोठा तंबू. त्याच्या पाठीमागे टिनाचं छप्पर आणि त्याखाली कापड ताणलेलं. त्या कापडावर एका बाईचं तोंड, एकेक डोळा खाटेएवढा. शिडीवर एक सडपातळ पोरगा पापण्यांना काळा रंग देत होता. त्याच्या कानालाही रंग लागलेला. हाच वामन इंगळे. खामगावला ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या, पुढे मुंबईला जायचं होतं, बाप गेला म्हणून राहून गेलं.

"कोनाचं चित्र काढाचं?" त्याने वरूनच विचारलं.

"बायकोचं."

"फोटो द्या."

मी दिला. तो खाली आला, उजेडात धरून पाहिला.

"आबा, हा तं हात हाय."

"तिचाच हाये."

"हातावरून तोंड कसं काढू?"

"तू या बाईला तरी कुठं पाहिलं? काढलं ना एवढं मोठं?"

तो हसला. एक छोटं छापील चित्र दाखवलं, त्यावर पेन्सिलीने चौकोन आखलेले. "हे मुंबईवून येते. याच्यातला एक चौकोन तिथं एवढा मोठा कराचा. मी काई काढत नाई, वाढवतो फक्त."

तरी सांगा म्हणाला. कशी होती? मी सांगायला लागलो. रंग गव्हाचा. नाक बसकं नाही, फार सरळही नाही. डोळे कसे? डोळ्यांसारखे डोळे. कपाळावर गोंदण, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. उजव्या भुवईत विहिरीच्या रहाटाचा दांडा लागून खोक पडलेली, तिथे केस उगवत नव्हते. एवढं सांगून मी थांबलो. दुरून एवढा आलो आणि बायकोबद्दल सांगायला मूठभरच होतं.

त्याने दोन दिवस घेतले. मी धर्मशाळेत राहिलो. तिसऱ्या दिवशी चित्र समोर ठेवलं. भुवया धनुष्यासारख्या, ओठ ओले, गालावर केसांची बट, आणि हनुवटीवर तीन ठिपके जणू मुद्दाम शोभेला लावलेले. डोक्यावर पदर होता तेवढाच कौसाचा.

मी म्हणालो, "ही तर तुझ्या बोर्डावरची बाई. तिला नुसतं लुगडं नेसवलंस."

पोराचं तोंड उतरलं. ब्रश धूत बसला. मला वाटलं आता म्हणेल की जा घरी. ब्रश धुऊन झाल्यावर बोलला.

"इथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं आपल्या मेलेल्या मायचं चित्र सांगतलं. फोटो होता. मी जशी होती तशी काढली, गालाचे खड्डे, तुटका दात. तो म्हने हे काय भूत काढलं. मंग मी कॅलेंडरावरच्या लक्षुमीचं तोंड काढलं अन वर पांढरे केस लावले. तो हात जोडून ढसढसा रडला, आबा. म्हने हुबेहूब माही माय. तवापासून हाताले तेच वळन लागलं."

"मी तसा माणूस नाही."

"समदे असंच म्हनतात."

त्या संध्याकाळी त्याने मला सिनेमा दाखवला, पण पडद्याच्या मागून. त्याच्या छपरात बसून पडदा उलट्या बाजूने दिसतो. अक्षरं उलटी, सगळी माणसं डावखुरी, जेवतात डाव्या हाताने. वामन म्हणाला तो लहानपणापासून सिनेमा असाच पाहतो, पुढून पाहिला की त्याला खोटा वाटतो. मला आठवलं, कौसाने जत्रेत एकदाच सिनेमा पाहिला. पडद्यावरच्या माणसाने मोठं तोंड करून समोर पाहिलं तशी तिने पदर ओढून घेतला. मी म्हणालो, अगं चित्र आहे ते. ती म्हणाली, "असन, पन तो इकडंच पायते." शेवटपर्यंत पदर बाजूला केला नाही. अख्खा सिनेमा पदराच्या फटीतून पाहिला.

हे मी वामनला सांगितलं. तो हसला नाही. "तिले बरोबर समजलं होतं," म्हणाला. "तो खरंच पायते. आता तर लोक त्याच्याच नजरेनं एकमेकाकडं पाहून राह्यले. न्हाव्याकडं जाऊन पोट्टे म्हनतात त्याच्यावानी केस काप. पोरगी पाहाले जातात तं बोर्डावरची बाई मनात घेऊन जातात. अन मी ते बोर्ड रंगवतो."

"मग सोडून दे."

"सोडून काय करू? मले येते तेवढंच. अन खोटं कायले सांगू, बोर्ड वर चढला अन लोक थांबून पाहाले लागले का मले आनंद होते." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आबा, तुमच्या बायकोसारखी दिसनारी कोनी हाय का?"

"तिची धाकटी बहीण हाये. गिरजा. संग्रामपूरला दिली. लग्नकार्यात लोक दोघीत चुकायचे."

"मंग उद्या चाला. मले एक खरं तोंड समोर बसवून काढू द्या. नाई जमलं तं बोर्ड रंगवाले मी हावच."

तेव्हा मला कळलं की गरज एकट्या माझी नव्हती.

पूर्णेच्या पलीकडे

नांदुऱ्याहून पूर्णा ओलांडून जळगाव जामोद, तिथून संग्रामपूर. नदी मार्गशीर्षातही वाहत होती, पण आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खारं. आमच्या लोणारच्या सरोवरासारखं कडू नाही, पण चहात मीठ पडल्यासारखं लागतं. डाळ शिजत नाही म्हणतात. कौसा लग्न होऊन आली तेव्हा आमचं पाणी पिऊन म्हणाली होती, याले तं काई चवच नाई. तेव्हा मला राग आला होता. आता तो चहा पिताना समजलं की जिभेला जे लहानपणी लागतं ते खरं.

जळगावच्या हॉटेलात रेडिओ होता. गाणं लागलं तशी भजी खाणारे गप्प झाले. मालकाने उठून आवाज वाढवला, एक गाडीवाला डोळे मिटून मान हलवत होता.

वामन म्हणाला, "हेच गानं या घडीले मुंबईत बी वाजून राह्यलं."

"वाजू दे."

"म्हंजे संग्रामपूरची बाई अन मुंबईची बाई एकच गानं म्हननार. माही आजी जात्यावर ओव्या म्हने, त्या तिच्याच होत्या, दुसऱ्या कोनाच्या नाई. आता गिरनी आली, ओव्या गेल्या. चांगलं झालं का वाईट, मले समजत नाई."

मी म्हणालो, "मला समजतं. कौसा ओव्या म्हणायची, ऐकायला गोड लागायच्या. पण गावात गिरणी आली त्या दिवशी तिनं साखर वाटली. तिच्या खांद्याला विचार. ज्यानं जातं ओढलं नाही त्यानं ओव्यांसाठी रडू नये."

तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "हे कोनत्या पुस्तकात नाई भेटलं." मी म्हणालो, पुस्तकं मी वाचलेलीच नाहीत.

गाडी पुढे निघाली तशी उजवीकडे कापूस, डावीकडे सातपुडा, निळा, पसरलेला, जणू कोणी आडवं पडून झोपलं आहे. वामन खिडकीतून पाहत आपल्या घरातली गोष्ट सांगायला लागला. तो लहान असताना त्यांच्या वस्तीतल्या सगळ्यांनी बौद्ध धर्म घेतला. त्याच्या बापाने भिंतीवरचे देव उतरवले आणि नदीत सोडले. दिव्याच्या धुराने भिंत काळी झाली होती. जिथे तसबिरी होत्या तिथे पांढरे चौकोन राहिले.

"माही माय त्या पांढऱ्या चौकोनालेच हात जोडे. बाप चिडे. मंग मी एका छापील चित्रावरून बुद्ध काढला, कोळशानं. ते माहं पयलं चित्र. बापानं मधल्या चौकोनावर लावला. बाकीचे चौकोन तसेच ठेवले. मी इचारलं, हे काऊन रिकामे? तं म्हने, पुढं कोनी लायक झालं तं लावू. तवापासून मी पायतो का लोकाइच्या भिंतीवर कोन राह्यते. देव, पुढारी, सिनेमावाले, दुकानदाराचा बाप. कापूस वेचनारी बाई कोनत्याच भिंतीवर दिसली नाई."

देव उतरवले हे मला रुचलं नाही, खोटं बोलणार नाही. पण कौसा कापूस वेचणारीच होती.

गिरजाच्या ओसरीवर

कौसा गेली तेव्हा गिरजाची सून बाळंत होती, तिला येता आलं नव्हतं. त्यामुळे ही पहिली भेट. घाटाखालची रीत अशी की मयतानंतर नात्यातलं माणूस पहिल्यांदा भेटलं की बाई उंबऱ्यातच मोठ्याने रडते, मग वर्ष का होत आलेलं असेना. आमच्याकडे एवढ्या दिवसांनी कोणी मोठ्याने रडत नाही. मी अंगणात पाय ठेवला आणि तिने "माही अक्का वं" म्हणून हंबरडा फोडला. मी खाली मान घालून उभा राहिलो. वामन चित्राची पाटी काखेत धरून रस्त्यावरच थांबला. रडणं संपलं, तिने डोळे पुसले, पाणी दिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "दाजी, जेवून निघाले का तसेच?"

मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. तशीच उभी राहण्याची ढब, तसंच बोलता बोलता कान खाजवणं. पण तोंडाबद्दल मी पैज लावू शकलो नसतो. कौसाचंच तोंड आठवत नव्हतं तर सारखं आहे की नाही कसं सांगणार?

गिरजाचा नवरा म्हणजे माझा साडू, दत्तू. मोठा गमत्या माणूस. त्याने ओसरीवर घोंगडी टाकली आणि वामनकडे पाहून मला विचारलं, "पोरगा कोनाचा?"

"नांदुऱ्याचा पेंटर हाये."

"ते समजलं. कोनाचा?"

वामनने स्वतःच सांगितलं, "आम्ही बौद्ध."

चहा आला. आम्हाला कपबशीत, त्याला काचेच्या पेल्यात. तो प्याला, पेला स्वतः विसळला आणि पायरीच्या कडेला पालथा ठेवला. किती वेळा केलेलं असावं, हाताला विचारावंच लागलं नाही. मी कोणत्या तोंडाने बोलणार, माझ्याही घरी तसाच एक पेला आहे.

येण्याचं कारण सांगितलं. दत्तू मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "म्हंजे माह्या बायकोचं चित्र तुमच्या भिंतीवर?"

"कौसाचं चित्र. तोंड फक्त हिचं."

"तोंडच तं राह्यलं आता हिचं. बाकी समदं सुनेनं ताब्यात घेतलं."

गिरजा आतून म्हणाली, "तुमचं तोंड बंद ठेवा." मग बाहेर येऊन उभी राहिली. "दाजी, मी बसन. अक्कासाठी बसन. पन एक सांगा. चित्र लावलं का त्याले हार घालान ना?"

"घालावाच लागंल. मेलेल्या माणसाच्या चित्राला हार असतो."

"पन तोंड तं माहं राहीन. मी जिती हाव. माह्या जित्या तोंडाले तुम्ही रोज हार घालसान? उदबत्ती लावसान?"

हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. बीबीपासून संग्रामपूरपर्यंत आलो, एवढी भजी खाल्ली, खारा चहा प्यालो, आणि हे कुठेच सुचलं नाही. दत्तूनेही मस्करी सोडली. तो म्हणाला, "हे खरं हाय, साडू. हे मलेही चालनार नाई."

मला आधी राग आला. हार नसेल तर चित्र कशाला? श्राद्धाला लोक येतील, बिनहाराची तसबीर पाहतील, काय म्हणतील? मी उठायला लागलो. गिरजाने हात धरला नाही, पण आडवी उभी राहिली.

"मी मेली का मंग घाला. तवा एका हारात दोघी होऊ. तोवर अक्का तशीच राहू द्या."

"आणि मी आधी गेलो तर?"

"तं पोराइले सांगून ठेवा."

मी वामनकडे पाहिलं. तो म्हणाला, "आबा, हाराचं तुमचं तुमी ठरवा. पन उजेड चालला."

मी हो म्हणालो. मनापासून नाही, पण हो म्हणालो.

गिरजा पायरीच्या वर खांबाला टेकून बसली, तो खाली अंगणात. चौकोन आखले नाहीत. तो बराच वेळ नुसता पाहत राहिला, इतका की दत्तू खाकरला. मग कोळसा चालवायला लागला. आणि मग भांडण सुरू झालं. गिरजा म्हणाली अक्काचं कपाळ माझ्यापेक्षा रुंद होतं. मी म्हणालो नव्हतं. ती म्हणाली, "तुम्ही कवा पाह्यलं? सासू-सासरे होते तवर तिचा पदर नाकापर्यंत. ते गेले तवा तुमची नजर गेली." दत्तू हसला. मी चिडलो, आणि चिडून म्हणालो, "पाहिलं. आजारी पडलो होतो तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवायची. वाकली की डावा डोळा उजव्यापेक्षा थोडा मिटायचा."

मला ते माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं.

वामनने मान वर न करता विचारलं, "हसताना बी मिटे?"

"हसताना जास्ती," गिरजा म्हणाली. "लहानपनी आम्ही तिले चिडवो."

अशी एकेक गोष्ट निघत गेली. मी म्हणायचो एक, ती म्हणायची दुसरं, तो दोन्हींच्या मधून रेघ काढायचा. ऊन आंब्याच्या झाडाआड गेलं तेव्हा कागदावर एक बाई होती. गिरजासारखी, पण गिरजा नाही. मग त्याने भुवईतली खोक काढली आणि शेवटी हनुवटीवर तीन ठिपके दिले. गिरजाच्या हनुवटीवर गोंदण नाही. गोंदणारीण आली तेव्हा तिला देवी आल्या होत्या, ते राहूनच गेलं. तिसरा ठिपका पडला आणि गिरजा उठून उभी राहिली. मगाचसारखी मोठ्याने नाही रडली. कागदाला हात न लावता हळू म्हणाली, "अक्का, दुबळी झाली वं तू."

वामनने मला विचारलं, "आबा, हाय का?"

मी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खोटं सांगून मला काय करायचं होतं?

"तोंडाची खालची बाजू चुकली," मी म्हणालो. "पण ओळखीची हाये. रस्त्यात भेटली असती तर थांबलो असतो."

त्याने कपाळावरचा घाम पुसला, कोळसा कपाळभर लागला. म्हणाला, "हे तोंड मी आधी कुठंच पाह्यलं नाई. कोनत्या बोर्डावर नाई, कॅलेंडरावर नाई. माह्या हातातून निंगालं अन मीच ओळखत नाई. असं पयल्यांदा झालं." तो काय म्हणत होता ते मला तेव्हा कळलं नाही, आताही अर्धंच कळतं.

रात्री कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत झालं. उडीद-ज्वारीची ही भाकर आमच्याकडे घाटावर कोणी करत नाही. पोटात जड बसते, पण थंडीत बरी. वामनचं ताट ओसरीच्या टोकाला वाढलं. गिरजाने त्याला दोनदा भरीत वाढलं आणि तूप वाढलं. ताट मात्र टोकालाच होतं. जसं झालं तसं लिहितो.

परत

सकाळी नांदुऱ्यापर्यंत आम्ही सोबत आलो. रंगाचं चित्र त्याने मी पुन्हा धर्मशाळेत राहिलो तेवढ्यात पुरं केलं. ओठ वाळलेले, केस तेल न लावलेले, डावा डोळा किंचित मिटलेला. शेजारच्या बोर्डवाल्याने पाहून म्हटलं, याले कोन पाहीन बे? वामन म्हणाला, "ज्याले पाहाचं तो बसला हाय ना समोर." मुंबईचं त्याने पुन्हा मनात घेतलं आहे असं म्हणाला. गेला की नाही मला माहीत नाही. बोर्ड तर रंगवत असेलच.

माघात श्राद्ध झालं. पाहुणे आले, चित्रासमोर उभे राहिले. कोणी म्हणालं, पेंटरने जरा गोरी काढायला हवी होती. कोणी म्हणालं, नथ का नाही घातली? धाकटी सून म्हणाली, आत्याबाई रागावल्या की अशाच बघायच्या. भाऊबंदांनी झेंडूचा हार आणला होता. मी ताटातून उचलू दिला नाही. थोरला चुलतभाऊ चिडला, म्हणाला, "बिनहाराची तसबीर म्हणजे अपशकुन. लोकांना वाटंल ती जितीच हाये." मी म्हणालो, वाटू द्या. गिरजाला शब्द दिला आहे. त्याने हार उचलून नेला आणि अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

परवा मलेरियावाले गावात आले. घराघरात फवारा मारतात आणि दाराशेजारी गेरूने तारीख लिहितात. मुलं-सुना शेतात होती, मी एकटाच. एक बाहेरचा जवान माणूस पाठीवर पंप घेऊन आत आला, भिंतींकडे पाहिलं, चित्रापाशी नजर थांबली. म्हणाला, "बाबा, बाईंना सांगा, भांडी आणि पीठ झाकून घ्या. औषध पडलं तर वाईट."

मी म्हणालो, "ती बहिणीकडे गेली हाये, संग्रामपूरला. मीच झाकतो."

आणि उठून एकेक भांडं झाकलं.